टाकी भरली की मोटर बंद: थेट रेडिओ घ्यावा की आयओटी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वारणेकाठी गावाचा जॅकवेल, म्हणजे नदीचं पाणी उपसायची विहीर, त्यावर १० एचपीची मोटर. तिथून १.८ किलोमीटरवर, गावाच्या वरच्या अंगाला १ लाख लिटरची उंच टाकी. टाकी भरत आली की एक माणूस दुसऱ्याला फोन करतो आणि मोटर बंद होते. फोन लागला नाही की टाकी ओसंडते. एक विक्रेता म्हणतो, दोन्ही टोकांना रेडिओ बसवा, ते आपसांत बोलतील, इंटरनेटची गरज नाही. दुसरा म्हणतो, तो जमाना गेला, दोन्हीकडे सिम टाका, सगळं क्लाउडवर जाईल आणि मोबाइलवर ॲप मिळेल. ग्रामपंचायतीकडे पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत.

उत्तर आधी सांगून टाकतो. मोटर चालू-बंद करण्याचा निर्णय दोन टोकांच्या यंत्रांमध्येच, थेट व्हावा. घरबसल्या माहिती बघायची असेल तर इंटरनेट नंतर, फक्त पंपाच्या टोकाला, एका सिमवर जोडा. हे उत्तर तुमच्या अंतराला आणि तुमच्या टाकीला धरून आहे. आकडे बदलले तर ते फिरेलही, म्हणून हिशेब मांडतो.

दोन्ही विक्रेते एकाच कामाबद्दल बोलतायत असं वाटतं, पण तुमच्याकडे कामं दोन आहेत. पहिलं, पातळी पाहून मोटर थांबवणं. यात टाकी आणि स्टार्टर सोडून तिसऱ्या कुणाचा संबंध नाही. कालची पातळी काय होती याच्याशी मोटरला काही देणंघेणं नसतं. आत्ताची पातळी मात्र वेळेत कळायलाच हवी. दुसरं काम नोंदीचं. मोटर किती तास चालली, किती पाणी चढलं, वीज कधी गेली, ड्राय रनवर, म्हणजे पाण्याविना कोरडी चालू लागल्याने, किती वेळा थांबली. ही माहिती ग्रामसेवकाला, पंचायत समितीला, पंपाच्या मिस्त्रीला, कुणालाही हवी असू शकते. ती अर्धा तास उशिरा पोचली तरी काही बिघडत नाही, पण महिनाभर साठून राहिली पाहिजे. पहिलं काम एम-टू-एमचं, म्हणजे यंत्र ते यंत्र थेट संपर्काचं, दुसरं आयओटीचं, म्हणजे यंत्राची माहिती इंटरनेटवर पाठवण्याचं. भांडण लागतं ते एकाचं काम दुसऱ्याच्या गळ्यात घातल्यावर.

आता वेळेचा हिशेब. बहुतेक कोटेशनमध्ये नेमका हाच नसतो. ५० मीटर हेडला, म्हणजे पाणी तेवढं वर ढकलताना, १० एचपीचा पंप ताशी साधारण ३०,००० लिटर देतो असं धरू, म्हणजे मिनिटाला ५०० लिटर. तुमच्या १ लाख लिटरच्या टाकीत पाण्याची उंची ३ मीटर धरली तर १ सेंटिमीटर म्हणजे ३३३ लिटर. म्हणजे मोटर चालू असताना पातळी मिनिटाला दीड सेंटिमीटर चढते. दर सेकंदाला पातळी पाठवणारं यंत्र काहीच जास्त देत नाही. मिनिटाला एक निरोप भरपूर झाला. मोटर २.८ मीटरला थांबवायची ठरवली आणि ओव्हरफ्लोचा पाइप ३ मीटरला असेल तर हाताशी २० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे १३ मिनिटं उरतात. संपर्क तुटल्यावर मोटर कधी थांबवायची याचं उत्तर इथून निघतं: १० मिनिटं. तुमच्या टाकीचे खरे आकडे घालून हाच हिशेब स्वतः करा आणि विक्रेत्यालाही करायला लावा. ज्याला हा करता येत नाही, त्याच्याकडून काहीच घेऊ नका.

रेडिओकडे वळण्याआधी एक तिसरा मार्ग सांगतो. विकायला काही नसल्यामुळे तो तुम्हाला कुणी सांगितला नसावा. टाकीच्या इनलेटला फ्लोट व्हॉल्व्ह बसवायचा आणि पंपघरात डिलिव्हरी लाइनवर प्रेशर स्विच. टाकी भरली की व्हॉल्व्ह मिटतो, लाइनमधला दाब चढतो, प्रेशर स्विच मोटर सोडवतो. सिम नाही, अँटेना नाही. चालू स्थितीत गेजवर ५ किलो (चौरस सेंटिमीटरला) दाब असेल आणि व्हॉल्व्ह मिटल्यावर तो साडेसहापर्यंत जात असेल, तर स्विच ५.८ च्या आसपास लावायचा. पुन्हा चालू करायला टायमर. दाब नेहमीपेक्षा फार खाली गेला की थांबवणारा दुसरा स्विच लावला तर फुटलेली लाइनही लक्षात येते.

पण हा मार्ग पाइपवर अवलंबून आहे. जुनी पीव्हीसी लाइन ६ किलोच्या क्लासची असेल तर हे करू नका. साडेसहा किलोचा दाब तिला पेलणार नाही. दुसरं म्हणजे व्हॉल्व्ह किती सेकंदांत मिटतो. पीव्हीसीमध्ये दाबाची लाट सेकंदाला साधारण ४०० मीटर पळते, म्हणजे १.८ किलोमीटर जाऊन परत यायला तिला ९ सेकंद लागतात. व्हॉल्व्ह त्याहून झटपट मिटला तर मीटरभर वेगाने वाहणारं पाणी आणखी ४ किलोच्या आसपास दणका देतं. हळू मिटणारा, म्हणजे अर्धं मिनिट किंवा अधिक घेणारा व्हॉल्व्ह मिळाला आणि लाइन १० किलोची असेल, तर हा पर्याय गांभीर्याने बघण्यासारखा आहे. लाइन कुठे, कोणत्या क्लासची पुरलीय हे कुणालाच ठाऊक नसेल, तर पुढे वाचा.

थेट संपर्काचे दोन प्रकार: केबल आणि रेडिओ. केबलचा विचार सोडा. आरएस-४८५ या तारेवरून यंत्रं जोडायच्या पद्धतीची मर्यादा कमी वेगालाही साधारण १,२०० मीटर. तुमचं अंतर त्याच्या दीडपट. रिपीटर टाकून जमेल, पण वळवाच्या विजा कडाडल्या की पावणेदोन किलोमीटरची तार दोन्ही टोकांच्या पेट्या जाळते, आणि तांब्याची तार रानात किती दिवस टिकते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

म्हणून रेडिओ. पहिली अट फ्रिक्वेन्सीची. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून परवान्याशिवाय वापरता येतो, १ वॉटच्या ट्रान्समीटरपर्यंत. बाजारात ४३३ मेगाहर्ट्झचे १ वॉटचे स्वस्त मॉड्यूल ढिगाने मिळतात. आपल्याकडे तो पट्टा घरातल्या १० मिलिवॉटपर्यंतच्या उपकरणांसाठी मोकळा आहे, टाकीवर बसवायला नाही. ९१५ चे मॉड्यूल अमेरिकेसाठीचे, तेही नकोत. कोटेशनमध्ये फ्रिक्वेन्सी लिहून घ्या आणि उपकरणाला डब्ल्यूपीसीची, म्हणजे केंद्राच्या वायरलेस विभागाची मान्यता, म्हणजे ईटीए आहे का ते विचारा.

ताकदीची काळजी करू नका, उंचीची करा. ८६६ मेगाहर्ट्झला १.८ किलोमीटर मोकळ्या हवेत सिग्नलचा ऱ्हास सुमारे ९६ डीबी (डेसिबल) होतो. २५ मिलिवॉटचा, म्हणजे १४ डीबीएमचा लोरा (कमी विजेत लांब पोचणारा रेडिओ) मॉड्यूल आणि दोन्हीकडे २ डीबीआयच्या अँटेना धरल्या तर पलीकडे उणे ७८ डीबीएम मिळायला हवेत; हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार. लोराला एसएफ ९ वर (एसएफ जितका मोठा तितका निरोप हळू जातो, पण लांब पोचतो) उणे १२९ च्या आसपासचा सिग्नलही वाचता येतो. कागदावर पन्नास डीबीची शिल्लक आहे. ती खाऊन टाकतात झाडं, घरं आणि ऊस.

उसाबद्दल थोडं थांबतो, कारण वारणेकाठी यंत्रणा फसतात त्या बहुतेक याच्यामुळे. दोन अँटेनांमध्ये नुसती सरळ नजर पोचून भागत नाही. त्या रेषेच्या भोवती एक फुगीर पट्टा मोकळा लागतो, फ्रेनेल झोन म्हणतात तो. तुमच्या अंतराला आणि या फ्रिक्वेन्सीला मधोमध त्याची त्रिज्या साडेबारा मीटर येते. त्यातला किमान साठ टक्के, म्हणजे साडेसात मीटर मोकळा हवा. टाकी उंचावर आहे म्हणून त्या टोकाला अडचण नाही. जॅकवेल खाली नदीत आहे. तोडणी झाल्यावर, एप्रिलमध्ये चाचणी घेतली तर सगळं झकास चालतं. ऑगस्ट-सप्टेंबरात मधल्या रानात तीन-साडेतीन मीटरचा ओला ऊस उभा राहतो आणि सिग्नल वीस-पंचवीस डीबीने पडतो. विक्रेता म्हणतो मॉड्यूल खराब झालं, नवा बसवतो, तोही तसाच वागतो. मॉड्यूलचा दोष नसतोच. म्हणून पंपघराची अँटेना पहिल्या दिवसापासून छपरापासून किमान पाच-सहा मीटर वर, जीआय पाइपवर न्या. उन्हाळ्यातल्या चाचणीत सिग्नल उणे ९५ च्या वर मिळाला नाही तर आणखी उंच करा. पावसाळ्यात तो उणे १२० च्या आसपास आला तरी एसएफ ९ तग धरतं. अँटेनाची केबल मात्र लांबवू नका. पातळ आरजी-५८ केबल या फ्रिक्वेन्सीला दहा मीटरमध्ये पाच-सहा डीबी सहज गिळते. रेडिओची छोटी पेटीच अँटेनाजवळ वर बसवा आणि खाली आरएस-४८५ ची तार आणा, किंवा जाड एलएमआर-४०० वापरा. पाइपला अर्थिंग आणि अँटेनाला सर्ज अरेस्टर हवाच.

२०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै तुमच्या काठाने पाहिलाय. पंपघरातली पेटी त्या पुराच्या खुणेच्या वर बसवा. खर्चात फरक पडत नाही, नुसता पाइप आणि थोडी तार वाढते.

आता निरोपात काय असावं. टाकीकडून दर मिनिटाला: यंत्राचा क्रमांक, निरोपाचा चढता क्रमांक, पातळी, वरच्या फ्लोट स्विचची स्थिती, बॅटरीचा व्होल्टेज. एवढं दहा-बारा बाइटमध्ये मावतं आणि एसएफ ९ वर हवेत सेकंदाच्या सहाव्या भागाइतका वेळ घेतं. एसएफ १२ लावलं तर तोच निरोप सेकंदभर रेंगाळतो; गरज नसताना ते लावू नका. यंत्राचा क्रमांक आणि चॅनेल फॅक्टरीतून आले तसे ठेवू नका. शेजारच्या गावाने त्याच विक्रेत्याकडून तोच संच घेतला की त्यांच्या भरलेल्या टाकीने तुमची मोटर थांबते, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यांच्या रिकाम्या टाकीने तुमची चालू राहते. एईएस-१२८ एन्क्रिप्शन आणि तुमची स्वतःची किल्ली असू द्या. चढता क्रमांक असल्यामुळे कुणी जुना निरोप पकडून पुन्हा सोडला तरी पंपाकडचं यंत्र तो टाकून देतं.

निरोप आला नाही तर काय, हे सगळ्यात महत्त्वाचं. साधा नियम: १० मिनिटं योग्य निरोप नाही, मोटर बंद. सुरक्षित आहे, पण संपर्क दिवसभर गेला तर गाव तहानलेलं राहतं. त्याहून बरा नियम असा. शेवटची कळलेली पातळी १.६ मीटर होती, थांबायचंय २.८ ला. मधले १२० सेंटिमीटर भरायला किमान ८० मिनिटं लागणार. मधे गावात पाणी सोडलं असेल तर जास्तच, कमी नाही. तेव्हा शेवटच्या पातळीवरून निघणाऱ्या वेळेच्या निम्मा वेळ, इथे ४० मिनिटं, मोटर चालू द्यायची आणि मग थांबवायची. त्यानंतर संपर्क येईपर्यंत आपोआप चालू करायची नाही. पातळी आधीच वर असेल तर हीच वेळ आपोआप लहान होते. दहा ओळींचा प्रोग्राम आहे. पीएलसी असो की छोटा कंट्रोलर, विक्रेत्याला तो लिहिता आला पाहिजे.

स्टार्टरकडची वायरिंगही याच विचाराने. कंट्रोलरच्या रिलेचा उघडा कॉन्टॅक्ट स्टॉप बटणाच्या सिरीजमध्ये घाला. रिले ओढलेला असेल तरच मोटर चालते. कंट्रोलर मेला, त्याची वीज गेली, तार तुटली, तर मोटर थांबते. बोर्डावरचा छोटा निळा रिले थेट ४१५ व्होल्टच्या कॉइलवर लावू नका, मधे एक चांगला ऑक्झिलरी रिले घ्या. कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर आरसी स्नबर लावा. तो नसला की मोटर सुटताना उडणाऱ्या ठिणगीने कंट्रोलर रीसेट होतो आणि कुणाला कारण सापडत नाही. ऑटो-मॅन्युअल सिलेक्टर स्विच हवाच. मॅन्युअलवर टाकल्यावर रेडिओ बाजूला पडला पाहिजे, पण ओव्हरलोड रिले, सिंगल फेजिंग आणि ड्राय रनचं संरक्षण बाजूला पडता कामा नये. ड्राय रनसाठी नेमप्लेटवरचा आकडा घेऊ नका. पंप पूर्ण पाणी देत असताना चिमटा मीटरने करंट मोजा, त्याच्या सत्तर टक्क्यांखाली दहा सेकंद राहिला तर बंद. आणि वीज आल्याबरोबर मोटर उचलू देऊ नका, दोन-तीन मिनिटं थांबवा. त्या क्षणी फीडरवरच्या सगळ्या ऑटो स्विचवाल्या मोटरी एकदम उठतात आणि व्होल्टेज कोसळतो. शिवाय एनआरव्ही, म्हणजे पाणी मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह, गळत असेल तर पाणी परत येऊन पंप उलटा फिरत असतो.

टाकीवर कोणता सेन्सर? अल्ट्रासॉनिक दिसायला सोपा, पण बंद टाकीत त्याच्या तोंडावर दव साचतं, आतल्या शिडीवरून प्रतिध्वनी येतो, आणि तोंडापासून पंचवीस-तीस सेंटिमीटरच्या आतलं त्याला दिसत नाही, म्हणजे टाकी भरत आल्यावर नेमका आंधळा. त्याऐवजी पाण्यात सोडायचा ४-२० मिलिअँपिअरचा प्रेशर ट्रान्समीटर घ्या, ०-५ मीटरचा. त्यात मीटरमागे ३.२ मिलिअँपिअर मिळतात, २.८ मीटरला साधारण १३. शून्य मिलिअँपिअर म्हणजे रिकामी टाकी नव्हे, तुटलेली तार. कंट्रोलरला हा फरक कळतो का ते तपासा. त्याच्या केबलमधून हवेची बारीक नळी येते, तिचं तोंड ओलं होणार नाही अशा पेटीत ठेवा, नाहीतर पावसाळ्यात रीडिंग सरकतं. आणि सोबत वर एक साधा फ्लोट स्विच, २.९ मीटरला. ट्रान्समीटर काहीही म्हणो, फ्लोट उचलला की बंद.

टाकीवर वीज नसेल तर थेट रेडिओ आणि सिम यांतला फरक रोकडा दिसतो. लोरा यंत्र मिनिटातले दोन-तीन सेकंद जागं होतं, सेन्सरला तेवढ्यापुरती वीज देतं, निरोप सोडतं आणि झोपतं. सरासरी ५ मिलिअँपिअर धरा. १२ व्होल्ट ७ एएचच्या बॅटरीचा अर्धाच भाग वापरायचा ठरवला तरी ऊन नसताना २९ दिवस जातात. कायम नेटवर्कला चिकटून बसलेला मोडेम सरासरी ४० मिलिअँपिअर खातो; तीच बॅटरी साडेतीन दिवसांत संपते. श्रावणाची झड त्याहून लांबते. मोडेम टाकीवर बसवायचाच तर पॅनेल आणि बॅटरी दोन्ही कितीतरी मोठी लागतील, आणि २जी पाठवताना मोडेम क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतो, ती ताकद देणारा पॉवर सप्लाय हवा. तो नसला की मोडेम पुन्हा पुन्हा रीसेट होतो आणि सगळे म्हणतात रेंज नाही.

आता दुसऱ्या विक्रेत्याचा प्रस्ताव. त्यात टाकीचं यंत्र टॉवरशी बोलतं, टॉवर ऑपरेटरच्या नेटवर्कशी, ते सर्व्हरशी, आणि सर्व्हरचा हुकूम त्याच वाटेने उलटा येऊन मोटरपर्यंत पोचतो. १.८ किलोमीटरच्या निरोपाला मुंबईच्या किंवा सिंगापूरच्या सर्व्हरची फेरी. सगळं ठीक असेल तर एक-दोन सेकंदांत होतं, आणि आपल्या हिशेबात एक-दोन सेकंद म्हणजे काहीच नाही. वेळ हा इथे मुद्दाच नाही. मुद्दा असा की या साखळीतली बहुतेक कडी तुमच्या ताब्यात नाहीत. गावची वीज गेली की टॉवर बॅटरीवर, बॅटरी संपली की नेटवर्क गेलं. सिमचं रिचार्ज कुणाच्या नावावर होतं हे ग्रामसेवकाची बदली झाल्यावर कुणाला आठवत नाही.

आणि काही दोष असे आहेत, की ते महिनोन्‌महिने दिसत नाहीत. आयओटीत सर्रास वापरला जाणारा एमक्यूटीटी हा प्रोटोकॉल मुळात १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनवरच्या यंत्रांची माहिती उपग्रहामार्फत आणण्यासाठी लिहिला गेला. तुमच्या कामाचा तो जवळचा नातेवाईकच. त्यात ‘रिटेन’ अशी एक सोय आहे: सर्व्हर शेवटचा निरोप जपून ठेवतो आणि यंत्र पुन्हा जोडलं गेलं की लगेच त्याच्या हातात देतो. पातळीसाठी उत्तम. मोटरच्या हुकमासाठी घातक. सकाळचा ‘चालू कर’ जपून ठेवलेला असतो, रात्री वीज येते, यंत्र जोडलं जातं आणि भरलेल्या टाकीवर मोटर सुरू होते. हुकमांना रिटेन कधीच लावायचं नाही. क्यूओएस १ (निरोप किमान एकदा पोचवण्याची हमी) आणि कायमचं सेशन ठेवलं तरी असंच होतं, साठलेले जुने हुकूम रांगेने येतात. एमक्यूटीटीच्या ५ व्या आवृत्तीत निरोपाला मुदत घालता येते; ती ६० सेकंद ठेवा, किंवा हुकमात वेळ लिहून जुना हुकूम यंत्रानेच नाकारावा. शिवाय मोबाइल ऑपरेटर शांत बसलेलं कनेक्शन काही मिनिटांत गुपचूप तोडतो, ॲपवर मात्र ‘ऑनलाइन’ दिसत राहतं. कीप-अलाइव्ह, म्हणजे ‘मी जिवंत आहे’ असं कळवण्याचं अंतर, ६० ते १२० सेकंद ठेवा आणि ॲपवर शेवटच्या निरोपाची वेळ मोठ्या अक्षरांत दाखवायला सांगा; हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका.

मग येतं आयुष्यमान. पंपाची पेटी दहा-पंधरा वर्षं चालावी अशी अपेक्षा असते. सर्व्हरना सुरक्षेची प्रमाणपत्रं देणारी लेट्स एन्क्रिप्ट ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्रावर विसंबून होती, ते ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं तेव्हा अपडेट न झालेल्या पुष्कळ जुन्या उपकरणांचा सर्व्हरशी सुरक्षित संपर्क तुटला. उपकरणं धडधाकट होती. गूगलने आपली क्लाउड आयओटी कोअर ही सेवा १६ ऑगस्ट २०२३ ला बंद केली. गूगलचं हे, तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या छोट्या कंपनीचा सर्व्हर किती वर्षं चालेल याचा विचार करूनच सही करा. यंत्रातला सर्व्हरचा पत्ता तुम्हाला बदलता येतो का, हा प्रश्न लेखी विचारा. मोडेम ४जी घ्या. सिम साधं नको, यंत्रांसाठीचं १३ आकडी क्रमांकाचं एम-टू-एम सिम मागा.

एवढं सगळं आयओटीच्या विरोधात वाटेल, तसं नाही. थेट रेडिओ मुका असतो. मोटर थांबली, पण टाकी भरून थांबली की ड्राय रनवर, हे पंपघरात गेल्याशिवाय कळत नाही. महिन्यागणिक तेवढंच पाणी चढवायला मोटरला जास्त तास लागतायत, म्हणजे इंपेलर झिजलाय किंवा लाइन गळतेय, हे नोंदींशिवाय दिसत नाही. जलजीवन मिशनचं माणशी रोज ५५ लिटरचं माप गावात खरंच पोचतं का, हे दाखवायलाही आकडे लागतात. म्हणून पंपघरातल्या कंट्रोलरला, जिथे वीज आहे तिथे, मॉडबसवर (यंत्रांची आपसांत बोलायची एक भाषा) एक छोटा गेटवे, म्हणजे नोंदी इंटरनेटवर पोचवणारी सिमची पेटी, जोडा. टाकीची पातळी रेडिओने त्याच्यापर्यंत आलेलीच असते. तो दर पाच मिनिटांनी आणि प्रत्येक चालू-बंदला एक नोंद वर पाठवेल. नेटवर्क नसेल तर आठवडाभराच्या नोंदी पोटात ठेवून नंतर पाठवेल. मोबाइलवरून मोटर चालू करायची सोय हवी असेल तर द्या, पण ती विनंती म्हणून: टाकीत जागा आहे, फेज ठीक आहेत, दहा मिनिटांतला निरोप आहे, असं कंट्रोलरने पाहिलं तरच चालू. बंदचा हुकूम मात्र बिनशर्त ऐकावा.

एक वर्ष पैसे नसतील तर गेटवे पुढच्या वर्षी घ्या. त्यासाठी आजच्या कंट्रोलरला आरएस-४८५ चं मोकळं पोर्ट आणि मॉडबसचा रजिस्टर नकाशा लेखी मिळाला पाहिजे. विक्रेता तो देत नसेल तर तुम्ही त्याच्याशी कायमचे बांधले गेलात.

माझं उत्तर कधी बदलेल? टाकी आठ-दहा किलोमीटरवर, मधे डोंगर, आणि रिपीटर बसवायला जागा नाही, तर सिमला पर्याय नाही. एका जॅकवेलवर सात-आठ गावांच्या टाक्या असलेली प्रादेशिक योजना असेल, तर कोणत्या गावाला आधी पाणी, हे ठरवायला मधे एक केंद्र लागतंच. तिथे लोरावॅनचा (अनेक लोरा यंत्रं एका केंद्राला जोडणाऱ्या जाळ्याचा) गेटवे उंच जागी बसवून सगळ्या टाक्या त्याच्यावर घेता येतात. फक्त एक बघा: बॅटरीवरची लोरावॅन यंत्रं बहुधा क्लास ए असतात, म्हणजे स्वतः बोलल्यावरच क्षणभर ऐकतात. टाकीला ते चालतं. मोटरच्या किंवा व्हॉल्व्हच्या टोकाला क्लास सी हवा, जो सतत ऐकतो. आणि या दोन्ही प्रकारांतही वर दिलेला नियम, म्हणजे निरोप नाही तर मोजून वेळ चालव आणि थांब, पंपाकडच्या यंत्रातच लिहिलेला असला पाहिजे, सर्व्हरवर नाही.

बिल देण्याआधी विक्रेत्यासमोर हे करून बघा. मोटर चालू असताना टाकीची बॅटरी काढा. ठरलेल्या वेळी मोटर थांबते का. सेन्सरची एक तार सोडा. कंट्रोलर ‘रिकामी’ म्हणतो की ‘दोष’. वरचा फ्लोट हाताने उचला. मिनिटभरात बंद व्हायला हवी, कारण फ्लोट उचलल्यावर यंत्राने पुढच्या मिनिटाची वाट न बघता लगेच निरोप सोडला पाहिजे. पंपघराची मेन वीज पाडून पुन्हा द्या. मोटर दोन मिनिटं थांबून उठते का. पंपघरातलं सिम काढा. काहीही बदलता कामा नये. त्यानंतर सिम पुन्हा घाला आणि मधल्या वेळच्या नोंदी वर आल्या का ते बघा. शेवटी सिग्नलचा आकडा तारखेसह पेटीच्या दारावर आतून लिहून ठेवा आणि ऊस उभा असताना, सप्टेंबरात, तोच आकडा पुन्हा घ्या. हमीच्या रकमेतला काही भाग त्या दुसऱ्या आकड्यापर्यंत रोखून ठेवायची अट करारात घालता आली तर जरूर घाला.